घर विकणाऱ्याने काहीच सांगायचं नाही का?

मा. संपादक,
स. न.

रिसेल फ्लॅट घेणाऱ्यांना सल्ला देणारा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. टायटल बघा, सर्च रिपोर्ट काढा, थकबाकी विचारा, सगळं बरोबर आहे. पण विकणाऱ्याने काय सांगायला हवं यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही. उलट शेवटी 'डोळे उघडे ठेवून व्यवहार करा' असा सल्ला. आमचे डोळे उघडेच होते हो, पण पीओपीच्या पलीकडचं कुणाला दिसतं?

आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांचे एक इंजिनियर मित्र सोबत आले होते, त्यांनी भिंती ठोकून बघितल्या, नळ सोडून बघितले, खिडक्यांच्या कडा बघितल्या. घर नुकतंच रंगवलेलं, पॅसेजला छान पीओपीचं सीलिंग. मी स्वतः मालकांना विचारलं होतं की काका, पावसाळ्यात कुठे ओल येते का, वरून गळतं का? तर म्हणाले, छे हो, कोरडं ठणठणीत आहे, आम्ही इतकी वर्षं राहिलो. वयस्कर माणूस, बायकोसमोर बोलतोय, कोण अविश्वास दाखवणार?

राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत पॅसेजच्या सीलिंगवर तपकिरी डाग पडला, मग दिव्याच्या होल्डरमधून थेंब टपकायला लागले. शेवटी पीओपी फोडलं तर वर काय निघालं? पत्र्याचा एक ट्रे, स्लॅबला लटकवलेला, आणि त्या ट्रेला जोडलेला पाइप थेट डक्टमध्ये काढलेला! म्हणजे वरच्या बाथरूमचं पाणी झिरपतंय हे पक्कं माहीत होतं, त्यासाठी माणूस बोलावून ट्रे बसवला, वरून सीलिंग मारलं आणि मग घर विकायला काढलं. पाइप तुंबला म्हणून ट्रे भरून वाहिला, नाहीतर आम्हाला अजूनही कळलं नसतं आणि स्लॅब आतून कुजत राहिला असता. सळ्या गंजल्या होत्या, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते, तसे पोपडे तिथे सुटलेच होते. त्याच्याखालून घरातली पोरं रोज जात येत होती, हे आठवलं की मला आजही संताप येतो.

फोन केला तर म्हणाले, तुम्ही बघूनच घेतलंत ना? आणि करारात तसं लिहिलेलंही आहे, 'घराची पाहणी करून, समाधान झाल्यावर ताबा घेतला, यापुढे तक्रार राहणार नाही'. हे वाक्य सगळ्याच करारांत छापील असतं, म्हणे.

आता कायदा काय म्हणतो ते तुमच्या लेखकांनी लिहायला हवं होतं, मी लिहिते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याचं कलम ५५ (१) (अ). मालमत्तेत किंवा मालकी हक्कात मोठा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि नेहमीच्या काळजीने बघूनही सापडण्यासारखा नसेल तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. भिंतीला दिसणारी भेग सांगितली नाही तर एक वेळ ठीक, पण सीलिंगमागचा ट्रे? आणि त्याच कलमाच्या शेवटी स्पष्ट म्हटलंय की असा दोष न सांगणं ही फसवणूकच. मुद्दाम खोटं बोललात तरच फसवणूक असं नाही, गप्प बसलात तरी! हा कायदा इतका जुना असून आमच्या ओळखीतल्या एकाही घर घेणाऱ्याला तो माहीत नव्हता, आणि एजंट तर त्याचं नावही काढत नाहीत.

गोम अशी की कलमाची सुरुवातच 'याविरुद्ध करार नसेल तर' अशी आहे, म्हणजे करारात वेगळं ठरवायला वाट ठेवलीय. म्हणून ते छापील वाक्य घुसवतात आणि मग भांडायचं तर कोर्टात वर्षानुवर्षं. बिल्डरकडून नवीन घर घेतलं तर २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष ३० दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यावे लागतात. रिसेलवाल्याला असलं काही नाही, घर विकलं की तो मोकळा. कॅलिफोर्नियात १९८७ पासून विकणाऱ्याला ठरावीक फॉर्म भरून द्यावा लागतो, पाणी साचतं का, परवानगीशिवाय काही बांधलंय का, शेजारचा गोंगाट आहे का इथपर्यंत प्रश्न असतात. आपल्याकडे असा एक कागद रजिस्ट्रेशनच्या वेळी सहीनिशी जोडायला काय अडचण आहे? गळती आहे, हो की नाही. वरच्यांशी वाद आहे, हो की नाही. खोटं लिहिलं तर निदान पुरावा तरी हातात राहील.

आणि सोसायट्यांचंही बोलायला हवं. व्यवहाराआधी आम्ही सेक्रेटरींकडे गेलो होतो, तर सभासद नसलेल्याला दप्तर दाखवता येत नाही म्हणाले. सभासद झाल्यावर फाइल उघडली तर त्याच काकांच्या सहीचे गळतीचे अर्ज, एकामागून एक! स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्टही त्यातच. १५ वर्षांवरच्या इमारतींना दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्यांना दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असं सोसायटीच्या उपविधीत, म्हणजे नियमावलीत, आहे, मग तो रिपोर्ट ज्याला घर घ्यायचंय त्यालाच दाखवायचा नाही तर केला कशाला? फाइलमध्ये लावायला? विकणाऱ्याने स्वतः त्याची प्रत काढून द्यावी असा नियम करा, सेक्रेटरीच्या मर्जीवर ठेवू नका.

जाता जाता अजून एक. मागच्या वेळी माझं पत्र छापलंत, आभार, पण त्यातला मुद्द्याचा परिच्छेद कापून नुसती प्रस्तावना आणि नाव ठेवलंत. यावेळी जागा कमी पडली तर आमची गळती कापा, चालेल, पण कलम ५५ आणि 'याविरुद्ध करार नसेल तर' एवढं मात्र ठेवा. पुढच्या आठवड्यात कोणीतरी असल्याच करारावर सही करणार असेल.

आपली,
एक जुनी वाचक