घुमटाचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोपपदाच्या इतिहासावर जे लिहिले जाते, त्यात राजकारण, धर्मकारण आणि कला असे तीन कप्पे पाडण्याची पद्धत रूढ झाली आहे. राजकारणात १०७७ साली कनोसाच्या गढीबाहेर बर्फात पोपकडे क्षमायाचना करणारा जर्मन राजा चौथा हेन्री येतो (सातच वर्षांनी तो रोममध्ये सम्राट झाला आणि त्याला नमवणारा पोप सातवा ग्रेगरी परागंदा अवस्थेत सालेर्नोत वारला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते), धर्मकारणात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर येतो आणि कलेत मायकेलअँजेलो. ही वाटणी सोयीची असली तरी फसवी आहे, हे एका व्यवहाराच्या आधारे दाखवू इच्छितो.

होहेनझोलर्न या जर्मन राजघराण्यातला अल्ब्रेख्त १५१३ साली माग्देबुर्गचा आर्चबिशप झाला आणि वर्षभरात त्याने माइन्झचे पदही मिळवले. त्याचे वय अवघे चोवीस होते आणि एकाच माणसाने अशी अनेक पदे धारण करणे चर्चच्या नियमांत बसत नव्हते. पण माइन्झचा आर्चबिशप हा पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडणाऱ्या सात जणांपैकी एक, आणि ब्रांडेनबुर्गचे मत अल्ब्रेख्तच्या भावाकडे आधीपासूनच होते. म्हणजे सातांतली दोन मते एका घरात येणार होती. नियमातून सूट देण्याचा अधिकार पोप दहावा लिओ याचा होता आणि त्याने ती मोबदला घेऊन दिली. अल्ब्रेख्तने ही रक्कम आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्जाऊ उचलली आणि ती फेडण्यासाठी त्याच्या मुलखात पापमुक्तिपत्रे (पापांच्या शिक्षेतून सूट देणारी चर्चची पत्रे) विकण्याची सोय झाली. निम्मे उत्पन्न पेढीला आणि निम्मे रोममधील सेंट पीटर्सच्या बांधकामाला, असा तो करार होता. लोकांना बांधकामाचे कारण सांगितले जाई, कर्जाचे प्रकरण गुलदस्तात राही.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आपले ९५ मुद्दे पाठवले ते याच अल्ब्रेख्तकडे. एवढा धनाढ्य पोप हे एक चर्च गरीब श्रद्धाळूंऐवजी स्वतःच्या पैशाने का बांधत नाही, असा प्रश्न त्यांतल्या ८६व्या मुद्द्यात आहे. दुसऱ्या ज्युलिअसने १५०६ साली ज्या इमारतीची पायाभरणी केली आणि जिच्यावर पुढे मायकेलअँजेलोच्या आराखड्याचा घुमट चढला, तिच्या पैशातूनच पश्चिमेकडील चर्च दुभंगण्याची ठिणगी पडली, हे कलेच्या कप्प्यात कुठे नोंदवायचे?

या फुटीचे पडसाद पुन्हा चित्रांवरच उमटले. सिस्टीन चॅपेलमधील मायकेलअँजेलोचे ‘अंतिम निवाडा’ हे भित्तिचित्र १५४१ साली पूर्ण झाले, तेव्हा त्यातील नग्न देह पोप तिसऱ्या पॉलने चालवून घेतले होते. या फुटीला उत्तर म्हणून भरलेल्या ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेनंतर हवा बदलली आणि दानिएले दा व्होल्तेरा या चित्रकाराला आकृतींवर वस्त्रे चढवण्याचे काम मिळाले. ‘चड्डीवाला’ हे टोपणनाव बिचाऱ्याला कायमचे चिकटले. बहुतेक ठिकाणी त्याने वरून रंग दिला, परंतु संत कॅथरीन आणि संत ब्लेझ यांच्यापाशी मूळ गिलावाच छिन्नीने काढून तो भाग नव्याने रंगवला. त्यामुळे १९९४ साली संपलेल्या जीर्णोद्धारात नंतरच्या काळातली काही वस्त्रे उतरवता आली, तरी कॅथरीनच्या वस्त्राखाली उघडे करण्यासारखे काहीच उरले नव्हते.

आपला,
एक नियमित वाचक