टिको-टिको: पेटीसाठी एक ब्राझिलियन धून

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

पेटीवर वाजवण्याजोगी एखादी खेळकर परदेशी धून सुचव, असे तू लिहिले होतेस. माझे उत्तर आहे ‘टिको-टिको नो फुबा’.

ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातील सांता रीता दो पासा क्वात्रो या गावचे झेक्विन्या दि अब्रेउ यांनी ती १९१७ मध्ये रचली. तिच्यावर बेभान नाचणाऱ्या जोड्या पाहून कोंडा टिपणारे टिको-टिको पक्षी आठवले, अशी कथा सांगतात, आणि धुनेचे पहिले नावही कोंड्याचेच होते. त्या नावाची दुसरी रचना आधीच असल्यामुळे पुढे कोंड्याच्या जागी ‘फुबा’, म्हणजे मक्याचे पीठ, आले. टिको-टिको हा आपल्या चिमणीएवढा, मानेवर तांबूस पट्टा आणि डोक्यावर लहानसा तुरा असलेला पक्षी.

गंमत अशी की त्याची शीळ या धुनेत कुठेही नाही. खरा पक्षी दोन-चार संथ शिट्ट्या घालून शेवटी सूर थरथरवतो. अब्रेउंनी उचलले ते त्याचे दाणे टिपणे. पांढरी सहाला षड्ज धरलास, तर आरंभीचा तुकडा पंचमाभोवतीच फिरतो: प, तीव्र म, प, कोमल ध, प. अर्ध्या स्वराने खाली वाकायचे, लगेच वर यायचे, पुन्हा बाजूला उडी घ्यायची, आणि हे सारे मात्रेला हुलकावणी देत! मधल्या भागात शुद्ध गंधार आला की अंगण मोकळे झाल्यासारखे वाटते, पण टिपणे पुन्हा सुरू होतेच.

ही धून शोरो या ब्राझिलियन वाद्यसंगीताच्या प्रकारातली असून त्यात बासरी, गिटार, चार तारांचे कावाकिन्यो आणि डफासारखे पांदेइरो एकमेकांना चिडवत वाजतात. पहिली ध्वनिमुद्रिका १९३१ मध्ये निघाली. १९३५ मध्ये अब्रेउ वारले, त्यामुळे अमेरिकन वादक एथेल स्मिथ यांचा हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारा ऑर्गन) आणि ब्राझीलच्या गायिका-अभिनेत्री कार्मेन मिरांडा यांचे गाणे यांनी पुढच्या दशकात तिला मिळवून दिलेली कीर्ती त्यांनी पाहिलीच नाही. स्मिथ यांची बोटे थक्क करणारी आहेत, हे खरे. तरी माझ्या मते त्या वेगात पाखरू दाणा टिपायला थांबतच नाही, नुसते पळते.

म्हणून तू मध्य लयीतच बसव. भाता हलका ठेव, स्वर तोडून वाजव, आणि तबल्याची साथ असेल तर पहिल्या भागात ठेका भरू देऊ नकोस. मोकळ्या जागा तिथेच हव्यात.

तुझा,
दिगंबर