गुलामगिरी संपवणारे फक्त संसदेत नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२३ ऑगस्ट हा गुलामांच्या व्यापाराचा स्मृतिदिन. तो जवळ आला की विल्यम विल्बरफोर्स यांच्यावर हमखास चार ओळी छापून येतात. त्यांचा मान मोठाच आहे. वर्षानुवर्षं ते ब्रिटिश संसदेत हा विषय लावून धरत राहिले आणि १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली. पण सगळं श्रेय भाषणांना दिलं की सुधारणा प्रत्यक्षात घडते कशी, हे मुलांपर्यंत पोहोचतच नाही. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून हे मनाला लागतं.

विल्बरफोर्स यांच्या भाषणांमागे थॉमस क्लार्कसन यांनी जमवलेले पुरावे होते. १७८५ मध्ये केंब्रिजच्या लॅटिन निबंधस्पर्धेसाठी क्लार्कसन यांनी हा विषय अभ्यासला, पहिलं बक्षीस मिळवलं आणि मग तो विषय त्यांना सोडवेना. मे १७८७ मध्ये लंडनच्या एका छापखान्यात बारा जणांची समिती स्थापन झाली. त्यातले नऊ ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथाचे. समितीच्या कामासाठी क्लार्कसन ब्रिस्टल, लिव्हरपूलच्या गोद्या पालथ्या घालू लागले. लिव्हरपूलच्या एका दुकानात त्यांना उघड विक्रीला मांडलेल्या हातापायांच्या बेड्या दिसल्या, अंगठे चेचायचे स्क्रू दिसले. शेजारी कात्रीसारखं एक अवजार होतं. उपाशी राहून मरू पाहणाऱ्या गुलामाचे दात फाकवून त्याला जबरदस्तीनं भरवण्यासाठी ते वापरत. क्लार्कसन यांनी ते सगळं विकत घेतलं आणि पुरावा म्हणून लोकांपुढे ठेवलं. ‘हा धंदा म्हणजे आमच्या खलाशांची शाळा’ असं व्यापारी म्हणत. क्लार्कसन यांनी जहाजांचे हजेरीपट तपासून सुमारे २० हजार खलाशांची माहिती काढली आणि या धंद्यात इंग्रज खलाशीच किती मरतात हे दाखवून दिलं. लिव्हरपूलच्या धक्क्यावर त्यांना समुद्रात ढकलून द्यायचा प्रयत्न झाला, तरी ते थांबले नाहीत. स्वतः गुलामी भोगलेल्या ओलाउडा इक्वियानो यांनी १७८९ मध्ये आत्मचरित्र छापलं आणि गावोगाव फिरून लोकांना आपली हकिगत सांगितली.

१७९१ मध्ये संसदेनं विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा घराघरांतून गुलामांच्या कष्टावर बनणारी वेस्ट इंडीजची साखर बंद झाली. अंदाजे ३ लाख लोकांनी ती सोडली. पुढे तर ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली’ असं लिहिलेली साखरदाणी टेबलावर ठेवली जाऊ लागली. बाजारहाट बायकांच्या हाती, त्यामुळे मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांनी हा लढा स्वयंपाकघरातून लढवला.

त्यांच्यातल्या लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, याचं मला सर्वात जास्त दुःख आहे. व्यापार बंद झाला तरी वसाहतींतले गुलाम गुलामच होते. १८२३ मध्ये लंडनला निघालेल्या गुलामगिरीविरोधी नव्या संस्थेला ते हळूहळू मुक्त व्हायला हवे होते. हेरिक यांनी १८२४ मध्ये पत्रक काढून बजावलं की मुक्ती आत्ताच हवी. हेरिक वाण्यांकडे, घरोघरी जाऊन ही साखर सोडायला सांगत. बायकांनी असं दारोदार फिरणं विल्बरफोर्स यांना पसंत नव्हतं. १८३० मध्ये बर्मिंगहॅमच्या महिला संस्थेनं ५० पौंडांची वर्गणी रोखण्याचा इशारा दिला आणि लंडनच्या त्या संस्थेनं ‘हळूहळू’ची भूमिका सोडली. पुढच्याच वर्षी हेरिक गेल्या. त्यांचं पत्रक अमेरिकेतही छापलं गेलं होतं आणि तिथल्या लढ्यानंही ‘आत्ताच’ हीच मागणी धरली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते हेच लढणारे.

आणि गुलाम स्वतः? १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम शार्प यांच्या पुढाकारानं हजारो गुलामांनी काम नाकारलं आणि बंड पेटलं. शार्प यांच्यासह तीनशेवर माणसं मारली गेली. त्यानंतर दीड वर्षात, १८३३ मध्ये, संसदेनं मुक्तीचा कायदा केला. एकट्या स्त्रियांच्या एका अर्जावर तेव्हा सुमारे १ लाख ८७ हजार सह्या होत्या.

तरी त्या कायद्यानं २ कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना! गुलामांना छदामही नाही, उलट काम शिकण्याच्या ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे राबणं. तेव्हा बर्मिंगहॅमचे जोसेफ स्टर्ज वेस्ट इंडीजला गेले, राबणाऱ्यांच्या साक्षी घेऊन आले आणि रान उठवलं. १ ऑगस्ट १८३८ ला ती उमेदवारी मुदतीआधी संपली. दरम्यान मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केलीच होती. मॉरिशसला गेलेल्यांत आपल्या कोकणातलीही माणसं होती, त्यांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणून ओळखले जातात. या मजूरभरतीविरुद्धही याच मंडळींनी आवाज उठवला. ती काही वर्षं बंद झाली, पण पुन्हा सुरू झाली आणि थेट १९१७ मध्ये थांबली.

संपादक महोदय, येत्या २३ ऑगस्टच्या पुरवणीत विल्बरफोर्स यांच्या चित्राऐवजी हेरिक, इक्वियानो आणि शार्प यांच्यावर पानभर मजकूर द्यावा, ही विनंती. शाळांमध्ये तो वाचून दाखवायला मी आनंदानं येईन.

कळावे,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा