देवास नाक्यावरच्या काकांचे आणि दादांचे मनापासून आभार

मंगळवारी रात्री इंदूरच्या देवास नाक्याच्या अलीकडे आमचा ट्रक अडला. ज्यांनी हात दिला त्यांची नावं विचारायची राहून गेली, म्हणून इथं लिहितोय.

क्लच सोडला की खालून 'खट्' असा आवाज चार दिवस येत होता. मला पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) संशय होता. शेजारच्या ट्रकचे काका बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली शिरले, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) हातानं हलवून पाहिला आणि म्हणाले, "बाळा, क्रॉस गेलाय. असाच नेलास तर शाफ्ट रस्त्यावर पडेल." क्रॉस म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा; त्याच्या चारही टोकांवर बारीक सुयांच्या बेअरिंगचे कप असतात. त्या कपाच्या सीलभोवती तांबूस भुकटी साठली होती. आतलं ग्रीस संपून सुया गंजल्या होत्या.

शाफ्ट सोडण्याआधी काकांनी चाकांना दगड लावायला लावले, कारण शाफ्ट निघाला की गिअर गाडी धरून ठेवत नाही. शाफ्ट जिथं जोडतात त्या फ्लँजवर (चकतीवर) खडूची खूणही केली, परत जसाच्या तसा बसावा म्हणून.

दुकान बंद करून निघालेले दादा नवा क्रॉस घेऊन स्वतः आले. शेवटच्या कपाला जागेवर धरणारी सर्क्लिप (लवचीक कडी) काही केल्या खाचेत बसेना. मी हातोडी उचलली, त्यांनी हात धरला. कप काढला तर तळाशी एक सुई आडवी पडलेली! ग्रीस लावून ती उभी केली आणि सर्क्लिप टक्कन बसली. मग चारही कपांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीसगन चालवली.

मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे. पहाटे कांदा चोइथराम मंडीत वेळेवर उतरला.

काका, तुमची बॅटरी माझ्या केबिनमध्ये राहिली होती. दादांच्या दुकानात ठेवली आहे.