वय झालेला विजेता आणि तरुण हेवीवेट

लंडन, २७ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र पावले. वय झालेला विजेता ऐन भरातल्या तरुण हेवीवेट, म्हणजे सर्वांत भारी वजनगटातल्या, बॉक्सरला हरवू शकतो का, या आपल्या प्रश्नाला मी ‘हो’ असेच उत्तर देईन. मात्र तो तरुण त्याच्या टप्प्यात उभा राहिला पाहिजे.

आपण दिलेला जॉर्ज फोरमनचा दाखलाच घ्यावा. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगासमध्ये ४५ वर्षांचा फोरमन २६ वर्षांच्या मायकेल मूररशी लढला, तेव्हा नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर मूरर पुढे होता. दूर राहा, असे प्रशिक्षक बजावत असूनही तो समोरच थांबला आणि दहाव्या फेरीत उजव्या हाताचा एक छोटा, सरळ ठोसा हनुवटीवर बसताच कोसळला. पाय आणि नजर आधी मंदावतात, ठोशातली ताकद सर्वांत शेवटी जाते. फोरमनची सारी भिस्त त्या ताकदीवरच होती.

मोहम्मद अलीचे तसे नव्हते. त्याची सारी पुंजी पायांत आणि चपळाईत होती, त्यामुळे वयाने त्याच्याकडून नेमके तेच हिरावून घेतले. २ ऑक्टोबर १९८० रोजी, ३८ व्या वर्षी, तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला. होम्स एके काळी सरावात त्याचाच जोडीदार होता. दहा फेऱ्यांनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. त्या लढतीविषयी आपण कधीच बोलत नाही, त्यामागचे दुःख मी समजू शकतो.

माजी हेवीवेट विजेता व्लादिमीर क्लिच्कोची हार मात्र मी इथल्या वेम्बली स्टेडियमच्या गर्दीत बसून पाहिली. २०१७ मध्ये ४१ व्या वर्षी त्याने सहाव्या फेरीत २७ वर्षांच्या अँथनी जोशुआला खाली पाडले होते, पण त्यानंतर तो सावधपणेच खेळत राहिला. जोशुआला सावरायला वेळ मिळाला आणि अकराव्या फेरीत लढत संपली. मला वाटते, वय झालेल्या बॉक्सरला अशी संधी एकदाच मिळते आणि ती त्याच क्षणी साधावी लागते.

गेल्या आठवड्यात त्याच मैदानावर ३८ वर्षांच्या युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने २७ वर्षांच्या डॅनियल डुब्वाला पाचव्या फेरीत बाद केले आणि माझ्या तर्काला धक्का बसला, कारण उसिक ताकदीपेक्षा पायांवर लढतो. तो हेवीवेट गटात २०१९ मध्येच आला, म्हणजे अलीसारखा वर्षानुवर्षे भारी ठोशांचा मारा त्याने सोसलेला नाही. त्याचे पाय अजून शाबूत असण्याचे हेच कारण असावे. तरुण ब्रिटिश हेवीवेट मोझेस इटाउमा उसिकसारखाच डावखुरा असून अवघा २० वर्षांचा आहे. ते दोघे यंदा भिडले, तर मी उसिकच्या बाजूने असेन. दोन वर्षांनी भिडले, तर इटाउमाच्या. आपले मत अवश्य कळवावे.

आपला मुलगा