ताई, मेमरी टेस्ट मी रात्रभर चालवलीच नव्हती

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवरून सांगून माझ्याकडून दुरुस्त करवून घेतलेला कॉम्प्युटर सुरू झाल्याचं मी त्याच दिवशी कळवलं होतं आणि दोन शब्दांत आभारही मानले होते. तरी हे पत्र लिहितोय, तेही सगळ्यांना वाचता येईल असं उघड, कारण त्या दोन शब्दांत एक गोष्ट मी गाळली. ती तुम्ही ओळखली असणार असा माझा दाट संशय आहे. पण तुम्ही ओळखणं वेगळं आणि मी कबूल करणं वेगळं.

पहिला फोन केला तेव्हा मी पुरता टेकीला आलो होतो. लिनक्स ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतलेला डेस्कटॉप सात वेळा अडकला होता. माऊस हलत नाही, घड्याळ थांबलेलं, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याआधी चार जणांना विचारून झालं होतं आणि चौघांनी चार उपाय दिले होते: पेनड्राइव्ह बदल, जुनं व्हर्जन टाक, डिस्क फॉरमॅट मार, मदरबोर्ड गेलाय. तुम्ही उपाय सांगितलाच नाहीत. विचारलंत, "दरवेळी एकाच जागी अडकतं का?"

मला सांगता येईना. सात वेळा अडकलं, आणि कुठे ते मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मग आज दुरुस्ती नको. तीनदा इन्स्टॉल लावा आणि कुठे थांबलं ते कागदावर लिहा."

तो कागद अजून माझ्याकडे आहे. पहिल्यांदा भाषा निवडायच्या पडद्यावर, दुसऱ्यांदा फाइली कॉपी होताना ३७ टक्क्यांवर, तिसऱ्यांदा ८१ वर. तुम्ही तेवढ्यावरून अर्धी शक्यता बाजूला काढलीत. गाडी दरवेळी त्याच पायरीवर अडली असती, तर डाउनलोड केलेली फाइल, एखादा ड्रायव्हर किंवा डिस्कवरचा ठरावीक खराब भाग यांच्यावर आधी संशय घ्यायचा. जागा बदलत असेल तर रॅम (चालू कामाची मेमरी), उष्णता, पॉवर सप्लाय. पक्का नियम नव्हे, कुठून सुरुवात करायची त्याचा अंदाज, हेही तुम्ही लगेच बजावलंत.

मग ती कॅप्स लॉकची युक्ती. अडकल्यावर कॅप्स लॉक दाबायचं आणि कीबोर्डवरचा दिवा बघायचा. दिवा लागतो-विझतो म्हणजे पडद्यावरचं चित्र थिजलंय, आत सिस्टिम जिवंत आहे; अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबलं तर काळा टेक्स्ट पडदा मिळू शकतो आणि तिथे डीमेसेग ही आज्ञा चालवून कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, तक्रार वाचता येते. माझा दिवा जागचा हलला नाही. कर्नलनेच मान टाकली होती.

यावर तुम्ही म्हणालात, "मेमटेस्ट लावा, रॅम तपासणारा प्रोग्रॅम. एक पूर्ण फेरी तरी होऊ द्या, रात्रभर चालली तर उत्तम." आणि दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "रात्रभर चालवली ताई, एकही एरर नाही."

मी दहा मिनिटं चालवली होती. १६ जीबीची एक फेरी संपायला किती वेळ लागतो ते टक्क्यांची पट्टी बघूनच लक्षात आलं, कंटाळलो आणि बंद केली. मेमटेस्ट८६+ सुरूच होत नाही, अशी सबबही नव्हती. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयच्या, म्हणजे नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या, मशीनवर थेट बूट होतं, आणि तुम्ही मला नवीच आवृत्ती दिली होती. एवढा सोपा शब्द होता, "कंटाळलो". तो उच्चारायची लाज वाटली म्हणून खोटं बोललो.

तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवून रॅम बाजूला ठेवलीत आणि आपण ग्राफिक्सच्या मागे लागलो. बूट मेनूत ई दाबायचं, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतून 'क्वाएट स्प्लॅश' खोडायचं म्हणजे लोगोमागे दडलेले संदेश दिसतात, शेवटी 'नोमोडसेट' लिहायचं आणि एफ१० दाबून पुढे जायचं. कर्नल बूट होतानाच पडद्याचा मोड स्वतः ठरवायला जातो, काही ग्राफिक्स कार्डांवर तिथेच घोटाळा होतो; नोमोडसेट म्हणजे ते काम तुझं नाही असं त्याला सांगणं. एरवी अगदी योग्य उपाय. माझ्याकडे त्या संध्याकाळी गाडी ९४ टक्क्यांपर्यंत गेली आणि मी तुम्हाला आनंदाने फोन केला. फोन चालू असतानाच पडदा थिजला. तुमचं वाक्य आठवतंय: "पुढे गेलं म्हणजे सुटलं असं नाही. लागोपाठ दोनदा पूर्ण झालं की मानू."

डिस्कचं फार लिहीत नाही. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग, म्हणजे खराब झालेले आणि संशयित, सेक्टर दोन्ही शून्य होते, डेटा ने-आण करतानाच्या चुका, म्हणजे सीआरसी एररही शून्य, म्हणजे डिस्कच्या साटा केबलवरही ठपका ठेवता येईना. पंख्यातली धूळ काढली, तापमान ठीक होतं. तिसरी संध्याकाळ अशी गेली.

चौथ्या दिवशी तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, "आज झोपायच्या आधी मेमटेस्ट पुन्हा एकदा लावाल का? कधीकधी पहिल्या वेळी सापडत नाही." चोराच्या मनात चांदणं! तो 'कधीकधी' तुम्ही मला तोंड लपवायला दिलेला आडोसा होता, असं मला तेव्हाही वाटलं. मुकाट्याने लावली. सकाळी पडद्यावर एररचा आकडा शंभराच्या पुढे गेला होता, आणि मेमरीतल्या बिघडलेल्या जागांचे पत्ते सगळे एकाच टापूत, जवळजवळ.

त्यानंतरचं सगळं तुम्ही सांगाल तसं, एका वेळी एकच बदल करून. आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं प्रोफाइल, बंद. त्या प्रोफाइलवर माझी डीडीआर४ रॅम ३२०० ला आणि १.३५ व्होल्टवर चालत होती, डीडीआर४ चं मूळ प्रमाण १.२ व्होल्टचं, कधी रॅमची पट्टी धड असते, तिला तो वेग तेवढा झेपत नाही. एरर तरीही आले. मग वायर काढून, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ देऊन, कॅबिनेटच्या धातूला हात लावून दोनपैकी एक पट्टी बाहेर. उरलेली स्वच्छ. काढलेली त्याच स्लॉटमध्ये एकटी लावली, एरर. धड पट्टीच्या स्लॉटमध्ये लावली, तरी एरर. हा शेवटचा टप्पा मी गाळणार होतो. तुम्ही गाळू दिला नाहीत, नाहीतर पट्टी वाईट की स्लॉट वाईट हे कळलंच नसतं.

माझा एक प्रश्न तुम्हाला बाळबोध वाटला असेल: जुनी सिस्टिम याच रॅमवर वर्षभर चालली ती कशी? ८ जीबीच्या पट्टीत सुमारे ६,८७२ कोटी बिट असतात आणि त्यातले मूठभर बिघडलेले. रोजच्या कामात त्या जागेवर बहुधा काही महत्त्वाचं येतच नव्हतं. इन्स्टॉलर मात्र दाबलेल्या फाइली उलगडतो, आणि लिनक्स मोकळी रॅम डिस्कच्या कॅशसाठी वापरून टाकतं, त्यामुळे कधी ना कधी पाय त्या खड्ड्यात पडणारच. तुमचं हे उत्तर ऐकल्यावर मधूनच मरणारे ब्राउझरचे टॅब आठवले. त्याबद्दल मी वर्षभर ब्राउझरला शिव्या घातल्या.

आणि ज्यासाठी मी तुमचा खरा ऋणी आहे ते इन्स्टॉल नव्हेच. एका पट्टीवर, त्याच पेनड्राइव्हवरून, नोमोडसेट न लिहिता ते लागोपाठ दोनदा पूर्ण झालं. मी फोन ठेवणार तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "या वर्षभरात याच मशीनवरून कुठे बॅकअप घेतलाय?" घेतला होता. घरातले सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेऊन ठेवले होते. वाईट रॅम फक्त मशीन अडकवत नाही, कॉपी होताना बिट उलटून फाइल गुपचूप बिघडवूही शकते, आणि साध्या रॅमवर कोणी हटकत नाही. सर्व्हरमधल्या डीडीआर४ ईसीसी रॅमला, म्हणजे स्वतःची चूक पकडणाऱ्या रॅमला, दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात ते याचसाठी. कॅमेऱ्याची कार्डं मी सुदैवाने पुसली नव्हती. तुम्ही सांगितलंत तसे दोन्हीकडचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारे ओळखीचे आकडे, काढून ताडले. अकरा फोटो जुळले नाहीत. त्यातला एक आजीचा आहे, कपाळापासून खाली नुसता करडा पट्टा. कार्डावरची मूळ प्रत धड होती. दुसऱ्या आठवड्यात मी ती कार्डं पुसणार होतो.

चेकसमचा विषय निघालाच आहे तर उरलेलं अर्धंही सांगतो, कारण हे तुम्हाला नक्की माहीत नाही. पहिल्याच फोनवर तुम्ही विचारलं होतंत, लिनक्सच्या फाइलचा एसएचए-२५६ (त्याच जातीचा चेकसम) जुळला का? मी "जुळला" म्हणालो. जुळला होता, पण दुसऱ्यांदा. आधी याच मशीनवर काढला तेव्हा जुळला नव्हता. डाउनलोड बिघडलं असेल म्हणून पुन्हा उतरवून घेतलं आणि पहिली वेळ सांगावीशीही वाटली नाही. तुम्हाला ती कळली असती, तर तीच फाइल दुसऱ्या मशीनवर तपासायला लावून तुम्ही पहिल्याच दिवशी रॅमपाशी पोचला असता, आणि मी तिथून तुम्हाला भरकटवूही शकलो नसतो. दिवसभराच्या नोकरीनंतरच्या तुमच्या तीन संध्याकाळी मी अशा घालवल्या. त्याबद्दल माफी मागतो.

परवा नवी पट्टी आली. लावली, आणि आधी मेमटेस्ट. रात्री साडेदहाला सुरू केली, सकाळी सातला बंद केली, एरर शून्य. पडद्याचा फोटो सोबत जोडलाय. आकडा नका बघू, किती तास चालली ते बघा.

तुमचा,
कंटाळलेला विद्यार्थी