मिटलेली फुलं आपली

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. जास्वंदीची पावडर आणलीस आणि आता मला विचारतेस, "चेहऱ्याला लावू का गं?" आधी आणायची, मग विचारायचं, ही तुझी जुनी खोड!

आमच्या आजीचा दंडक तुला आठवतो ना? सकाळी उमललेली फुलं गणपतीची. झाडावर राहिलेली संध्याकाळी मिटली की ती आपली. फूल एका दिवसाचंच, त्यामुळे गणपतीचीही तक्रार नसायची. ती मिटलेली फुलं पुसून सावलीत सुकवायची आणि खोबरेल तेलात मंद आचेवर टाकायची. तेलाचं चुरचुरणं थांबलं की कढई खाली. घाई केली तर ओल राहते आणि तेल खवट होतं. रविवारी न्हाताना पाल्याचा मान. ओंजळभर पानं पाण्यात चोळली की हाताला बुळबुळीत चीक लागायचा, थोडा फेसही यायचा. शिकेकाई डोळ्यांत गेली की आम्ही घर डोक्यावर घ्यायचो. याने तसं काही व्हायचं नाही.

हाच बुळबुळीतपणा चेहऱ्याच्याही कामाचा. पाणी धरून ठेवतो, म्हणून कातडी तेवढ्यापुरती मऊ लागते. डाग जातात, सुरकुत्या पळतात वगैरे पाकिटावर छापलेलं असेल, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. चमचाभर पावडर दह्यात कालव, आधी कोपराच्या आत लावून दिवसभर वाट बघ, मग चेहऱ्याला. दहा मिनिटं पुरे.

लिंबू मात्र पिळू नकोस! मी पिळलं होतं. लेप असा झकास गुलाबी झाला की मी हरखलेच. शाळेत आम्लात गुलाबी, सोड्यात हिरवा असा जास्वंदीचा कागद केला होता ना, तोच प्रकार. मग गाल जे चुरचुरले, दोन दिवस मीच जास्वंद होऊन फिरत होते. नवऱ्याने विचारलं, "आज चतुर्थी आहे का?"

आणि तो आंबट लाल चहा या फुलांचा नसतो बरं, तो लाल अंबाडीच्या बोंडांचा. भावंडं आहेत, एवढंच.

तुझ्या गॅलरीत ऊन येतं का ते कळव. पाऊस लागला की आमच्या गावठी लाल जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवते. पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरात फवारा मार, लगेच झाड टाकून देऊ नकोस. मागच्या वेळी तेच केलंस.

तुझी,
शुभा